मशेरी : दातांचं ‘औषध’ कसं झालं व्यसन

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. आजीकडे हे काम दुपारी चालायचं, आणि त्या खाटाने ओटीवरची माणसंही ठसकायची. तरी याला तंबाखू खाणं कुणी म्हणत नसे. ती ‘दात घासायची मशेरी’ होती. घरातल्या बाईची मशेरी सोडवायची तर आधी या शब्दाशीच गाठ पडते.

तंबाखू मुळात आपली नव्हे. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबराच्या दरबारात त्याचा दूत असद बेगने ती नेली तीही विजापूरहून, १६०४-०५च्या सुमारास. पुढे दाढ दुखली, पोट साफ होत नाही, म्हणून घरोघर मशेरी आली. बाईने विडी ओढली तर गावभर चर्चा; मशेरीला मात्र सासूचीही हरकत नसे. निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं. सकाळची एक वेळ दुपारी, मग रात्रीही लागते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी उमटणारे पांढरे चट्टे यांवरचा तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास आला. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांमध्ये मशेरीवाल्याच जास्त होत्या, आणि अशा तंबाखू वापरणाऱ्या सगळ्यांच्या बाळांचं वजन न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. मला हा आकडा सगळ्यात जास्त बोचतो, कारण ‘बाळंतपणात तेवढीच तरतरी’ म्हणून डबी पुढे करणाऱ्या मायाळू बायका मी पाहिल्या आहेत.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, राज्यात गुटखा २०१२ साली बंद झाला. घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के.

सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं. ‘बघ, मशेरीशिवाय चालत नाही’ असं बाई म्हणते ते याच दिवसांत. तेव्हा तिला टोमणे मारू नयेत, कोमट पाणी द्यावं, दात साध्या मंजनाने घासायला लावावेत. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात न्यावं. आजीच्या गालात असा चट्टा होता. तिने तो वर्षभर मशेरीनेच घासला.