कुठलं इंटरफेरॉन?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर उलटते. इंटरफेरॉन म्हणजे शरीरातल्या पेशी एकमेकींना सावध करायला सोडतात ती प्रथिनं. त्यांतलं गॅमा इंटरफेरॉन या आजारावर देऊन पाहिलं, तेव्हा १८ पैकी ७ रुग्णांचा आजार उपचार चालू असतानाच उसळला. १९८७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत त्याच आजारासाठी बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. त्यानं आजार उसळण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं घटतं. म्हणून ‘इंटरफेरॉननं गुण येतो का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठलं इंटरफेरॉन आणि कशासाठी, हे आधी कळायला हवं.

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ही प्रथिनं सापडली. विषाणू शिरलेली पेशी ती सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. अल्फा आणि बीटा जवळजवळ प्रत्येक पेशीवरच्या एकाच ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. गॅमाचा ग्राही वेगळा आणि कामही वेगळं: जंतू गिळणाऱ्या पेशींना ते चेतवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये नेमकं हेच नको असतं. पण क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात त्याच पेशी गिळलेले जंतू मारू शकत नाहीत. तिथे गॅमामुळे गंभीर संसर्गाचा धोका सुमारे दोन तृतीयांशानं कमी होतो.

आपल्याकडे ज्यांनी इंटरफेरॉन घेतलं, त्यांतल्या अनेकांनी ते हिपॅटायटिस सीसाठी घेतलं, म्हणजे अल्फा. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, २४ किंवा ४८ आठवडे. इंजेक्शननंतर थंडी-ताप, अंगदुखी, रक्तपेशी घटणं, आणि काहींना खोल नैराश्य. या नैराश्याची कल्पना घरच्यांना आधीच द्यायला हवी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणूस चिडका झाला म्हणून त्याला दोष देत बसण्यात काही अर्थ नाही. एवढं सोसूनही विषाणूचा जनुकप्रकार १ असलेल्यांपैकी निम्मेच बरे होत. भारतात जास्त आढळणाऱ्या प्रकार ३ मध्ये यश अधिक होतं. आता सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्यांचे बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

कोविडमध्ये वेळ निर्णायक ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू बीटामुळे कमी झाले नाहीत. उलट लॅम्डा या आणखी एका इंटरफेरॉनचं एकच इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून आठवडाभरात दिलं, तेव्हा रुग्णालयात जाण्याची वेळ ते न घेतलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्याच लोकांवर आली. लॅम्डाचे ग्राही मुख्यतः श्वसनमार्ग, आतडं आणि यकृतात असल्यामुळे त्याचा त्रासही अल्फापेक्षा कमी.

२०२१ साली अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे तांबड्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी, दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचं नवं अल्फा इंटरफेरॉन. आणि ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आणखी एका आजारासाठी, अॅनिफ्रोलुमॅब. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांत अल्फाचा अतिरेक असतो, म्हणून हे औषध त्याचा ग्राहीच बंद करतं.