गॉसफर्थचा क्रॉस: देवांचा खांब बाटवला होता का?

इंग्लंडमधल्या कंब्रियात, गॉसफर्थच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात सुमारे 4.4 मीटर उंच, तांबड्या वालुकाश्माचा क्रॉस उभा आहे. बांधलेला लोकी (व्हायकिंगांच्या जुन्या, म्हणजे नॉर्स, पुराणकथांतला कपटी देव), सापाच्या विषाचे थेंब वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिग्यून ही शिल्पं पाहून अनेकजण सांगतात, की मूळ खांब नॉर्स देवांचा, क्रॉस मागाहून चढवला.

तसं नाही. खांब आणि क्रॉस एकाच दगडातले, दहाव्या शतकातले. लांडग्याचा जबडा फाडणारा नॉर्स देव विदार आणि ख्रिस्ताचा क्रूसावरचा मृत्यू एकाच पूर्व बाजूवर कोरलेत. आणि ख्रिस्ताजवळची स्त्री चक्क स्कँडिनेव्हियन वेशात आहे! नव्याने ख्रिस्ती झालेल्या व्हायकिंग वस्तीने आपल्या ओळखीच्या कथांतूनच नवा धर्म समजून घेतला, असं अनेक अभ्यासक मानतात.