सशर्त संभाव्यता आणि फसवणुकीचा शोध

एक गोष्ट घडली आहे हे कळल्यावर दुसरी घडलेली असण्याची शक्यता किती, याच्या मोजमापाला सशर्त संभाव्यता म्हणतात. बँका, विमा कंपन्या आणि लॉटरी चालवणाऱ्या संस्था संशयास्पद व्यवहार हुडकताना तिचा आधार घेतात. या गणिताचे मूळ थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. बेज यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड प्राइस या मित्राने तो १७६३ मध्ये प्रसिद्धीस आणला.

खरी मेख आहे ती शर्त कोणती, यात. ‘व्यवहार खोटा असेल तर इशारा वाजण्याची शक्यता’ आणि ‘इशारा वाजला असेल तर व्यवहार खोटा असण्याची शक्यता’ ही वाक्ये कानाला सारखीच लागतात; उत्तरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. समजा, एक लाख कार्ड-व्यवहारांत १०० खोटे आहेत. यंत्रणा खोट्यांपैकी ९९ टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी अवघ्या १ टक्क्यावर चुकून बोट ठेवते. म्हणजे ९९ खोटे सापडले, पण ९९,९०० खऱ्यांतले ९९९ही अडकले. एकूण १,०९८ इशाऱ्यांत खोटे जेमतेम ९ टक्के! दवाखान्याच्या काउंटरवर औषधांचे पैसे भरताना ज्याचे कार्ड अडते, तो बहुधा या ९९९ पैकी असतो. त्याच्याकडे चोर म्हणून पाहणे हा अन्यायच.

म्हणून एका खुणेवर विसंबत नाहीत. दुसरी एखादी खूण, उदाहरणार्थ अनोळखी फोनवरून झालेली खरेदी, खोट्या व्यवहारांत २० पट अधिक आढळत असेल, तर वरचे ९ टक्के सुमारे ६६ वर जातात. अट एवढीच, की खुणा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. परगावी गेलेल्या माणसाचे शहर नवे, दुकान नवे आणि बिलही नेहमीपेक्षा मोठे असते. या तिन्हींचा गुणाकार केला तर एकच प्रवास तीनदा मोजला जातो.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या लॉटरीचे प्रकरण या विषयात आवर्जून अभ्यासावे असे आहे. तिकीट लागले का, हे पाहायला गिऱ्हाईक ते विक्रेत्याच्या हाती देई. काही विक्रेते ‘नाही लागले’ म्हणत आणि तिकीट स्वतःच्या नावावर वटवत. टोरोंटो विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेन्थाल यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला. १९९९पासूनच्या सात वर्षांतली ५०,००० डॉलर किंवा त्याहून मोठी बक्षिसे होती ५,७१३. त्यांतली सुमारे २०० विक्रेत्यांना लागली होती. विक्रेते सामान्य माणसाच्या दीडपट तिकिटे घेतात असे धरूनही अपेक्षा ५७च्या आसपासच येत होती. एवढी तफावत नशिबाच्या माथी मारता येत नाही. २००७ मध्ये प्रांताच्या लोकपालांनी लॉटरी महामंडळावर कडक ताशेरे ओढले. पुढे तिकिटावर आधी सही करण्याचा नियम आला, आणि तिकीट स्वतः तपासता येईल अशी यंत्रेही दुकानांत बसली.

पण या आकड्यांनी एकाही विक्रेत्याचे नाव सांगितले नाही. २०० जणांत ५७ प्रामाणिक असू शकत होते, म्हणजे चारांत एकाहून अधिक. त्यांना वेगळे काढायला तिकीट कुठल्या दुकानातून आणि किती वाजता विकले गेले, तिकिटावरचे आकडे वर्षानुवर्षे कोण लावत आले होते, अशी एकेक चौकशीच करावी लागते.