पार्श्वभूमी : पीपीएफची करमाफी आणि २००९चा मसुदा

पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी ही १५ वर्षांची सरकारी बचत योजना, आली १९६८च्या कायद्याने. पगारदारांच्या मागे भविष्य निर्वाह निधी होता. वकील, डॉक्टर, दुकानदार यांना तसा आधार नव्हता. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत व्याज १२ टक्के होतं. जुने खातेदार अजून त्याच दराची आठवण काढतात.

करसवलत तेव्हा तीन टप्प्यांवर मिळायची. भरताना वजावट, व्याज करमुक्त, मुदतीनंतर हाती येणारी रक्कमही करमुक्त. ऑगस्ट २००९मध्ये प्राप्तिकर कायद्याच्या जागी आणायच्या प्रत्यक्ष कर संहितेचा मसुदा आला आणि त्यातून तिसरा टप्पा गायब होता. १ एप्रिल २०११ नंतर भरलेले पैसे काढाल त्या वर्षी ते उत्पन्नात धरायचे, असा प्रस्ताव होता. आधीची शिल्लक वगळली होती, पण गदारोळात ते मागेच पडलं. बाजूने बोलणारे सांगत, कर फक्त पुढे ढकलला जातो, एकदा तरी तो भरायलाच हवा. कागदावर हे पटतं. पण १५ वर्षांची पुंजी एकाच वर्षी उत्पन्नात आली की साधा माणूसही वरच्या स्लॅबमध्ये जातो, आणि ज्याला पेन्शन नाही त्याची तर हीच म्हातारपणाची शिदोरी. हा आक्षेप जास्त वजनदार होता आणि तो टिकला. जून २०१०च्या सुधारित मसुद्यात माफी परत आली. २०१६च्या अर्थसंकल्पात कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या ६० टक्क्यांवर कर लावायचा प्रयत्न झाला, तोही आठवडाभरात मागे घ्यावा लागला.

पुढे १९६८चा कायदा रद्द होऊन २०१९ची योजना आली. खातेदाराला त्याचा फारसा फरक पडला नाही. फरक पडला २०२०च्या नव्या करप्रणालीने. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये दीड लाख भरले की उपकर धरून ४६,८०० रुपये वाचत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. व्याज आणि अखेरची रक्कम आजही करमुक्त आहे. जुनी प्रणाली निवडायची मोकळीक असल्याने फारशी ओरड झाली नाही. २०२३-२४ पासून मात्र नवी प्रणालीच आपोआप लागू होते. पगारदार दरवर्षी निवड बदलू शकतो. धंद्याचं उत्पन्न असलेला माणूस जुनीतून नवीत एकदा आला की धंदा चालू असेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, आणि पीपीएफ मुळात त्याच्यासाठीच काढला होता.