मराठवाड्याच्या गावखेड्यांत रुग्णवाहिका कशी पोहोचते : पार्श्वभूमी

हिंगोली किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरून १०८ या क्रमांकावर फोन लावला, तर तो तालुक्याच्या दवाखान्यात वाजत नाही आणि जिल्हा रुग्णालयातही वाजत नाही. तो पुण्यातील राज्यस्तरीय नियंत्रण कक्षात घेतला जातो. कोणत्या तालुक्यात कोणती गाडी उभी आहे हे तिथल्या पडद्यावर दिसते, पण फोन करणारा शेतातल्या ज्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, रुग्णाला घेऊन बसला आहे, तो आखाडा कोणत्याही नकाशावर नावानिशी नोंदलेला नसतो. गाडीची माहिती एकीकडे आणि गावाची माहिती दुसरीकडे, ही विभागणी एका दिवसात झालेली नाही.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठ्या उपचारांसाठी ‘घाटी’, म्हणजे या महाविद्यालयाचे रुग्णालय, गाठायची, ही या भागाची सवय तेव्हापासूनची आहे. अंबाजोगाईचे महाविद्यालय सत्तरच्या दशकात झाले, नांदेडचे त्यानंतर आणि लातूरचे २००२ मध्ये. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये अस्तित्वात आल्या, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. साधारण तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हे प्रमाण पुढे ठरले. काही केंद्रांना जीप मिळाली, पण ती लसीकरणालाही जायची आणि कुटुंब नियोजनाच्या शिबिरालाही. रुग्णासाठी ती हवी असेल तर निरोप घेऊन माणूसच पाठवावा लागे.

त्या काळात बाई अडली किंवा कोणाला साप चावला, की रुग्णाला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर उचलायचे, पांदणीतून फाट्यापर्यंत न्यायचे आणि तिथे मिळेल ते वाहन थांबवायचे, हाच रिवाज होता. पुढे बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने आणि काळी-पिवळी जीपने घेतली. कोणाकडे जीप आहे, तिचा चालक रात्री कुठे झोपतो, ओढ्याला पाणी असेल तर कोणत्या वाटेने जायचे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. उणीव होती ती प्राणवायूची, वाटेत रुग्णाकडे पाहणाऱ्या डॉक्टरची आणि पैशांची, कारण जीपचे भाडे रुग्णाच्या घरच्यांनाच द्यावे लागे. या उणिवेपायी किती जीव गेले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर जिल्हावार आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार झाले आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. संदेश घेणारी आणि मदत रवाना करणारी एक जागा असावी, ही कल्पना त्यातून प्रशासनात रुजली. मात्र ते कक्ष पूर, भूकंप अशा मोठ्या संकटांसाठी होते. एका घरातल्या एका रुग्णासाठी कोणाला फोन करायचा, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळाले नाही.

एकाच क्रमांकाची कल्पना जगात त्याआधीच रूढ झाली होती. लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक १९३७ मध्ये आला आणि अमेरिकेतला पहिला ९११ चा फोन १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावातून लागला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला १९७९ हे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. सॉल्ट लेक सिटीतील डॉ. जेफ क्लॉसन यांनी त्या वर्षी फोन घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची कार्डे तयार केली. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे ठरावीक क्रमाने विचारायचे, त्यावरून कोणती गाडी पाठवायची हे ठरवायचे आणि गाडी पोहोचेपर्यंत काय करायचे ते फोनवरच सांगायचे, अशी ही पद्धत होती. फोन घेणे हे निव्वळ निरोप्याचे काम न राहता उपचाराचा पहिला टप्पा झाले, ते इथून.

भारतात १०८ ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात आधी २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी १०२ ची मोफत गाडी आली. १०८ सुरू झाली ती २०१४ मध्ये, राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिकांसह. त्यांपैकी २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने होती, तर ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल, हे महाराष्ट्राने मुद्दाम ठरवले. हा निर्णय मला आजही मोलाचा वाटतो, कारण इथे रुग्णालय गाठायलाच तासभर लागू शकतो आणि तेवढा वेळ रुग्ण गाडीतच असतो. गाडी शहरात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचावी, हे उद्दिष्ट ठेवले गेले.

ही तीस मिनिटे हुकतात कुठे, हे एका फोनवरून कळते. “गाव कोणतं?” “पिंपळगाव.” “तालुका?” इथे फोन करणारा गोंधळतो, कारण त्याच्या तोंडी नेहमी बाजाराच्या गावाचे नाव असते, तालुक्याचे नसते. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतात, त्यातही बुद्रुक वेगळे आणि खुर्द वेगळे. तांडे आणि शेतातल्या वस्त्या तर मूळ गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असतात. शेतकऱ्याला आपला गट नंबर तोंडपाठ असतो, पण नियंत्रण कक्षाला त्याचा उपयोग नाही. “मारुतीच्या पारापासून डाव्या हाताला, विहिरीच्या पुढं” हा पत्ता गावात अगदी नेमका असतो, पुण्यात मात्र त्यावरून काहीच सापडत नाही. देगलूर-बिलोलीकडच्या सीमेवर मोबाइलला पलीकडचा टॉवर लागला, तर फोन तेलंगणाच्या १०८ कडे जाऊ शकतो. २०२३ पासून दोन जिल्ह्यांची नावे बदलली आहेत आणि बोलण्यात दोन्ही नावे येतात.

दुसरी अडचण अंतराची आहे. मराठवाड्यात ७६ तालुके आणि सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर प्रदेश आहे. तालुक्याची गाडी एका रुग्णाला घेऊन लातूरला किंवा घाटीत गेली, की ती परत येईपर्यंत पुढचा फोन शेजारच्या तालुक्यातून भागवावा लागतो. जवळचे रुग्णालय नेहमीच योग्य ठरते असेही नाही. सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाचे इंजेक्शन असेल तिथेच न्यावे लागते.

प्रत्यक्षात ही तूट भरून काढतात ते गाडीतले डॉक्टर, स्थानिक चालक आणि आशा कार्यकर्ती. गाडी निघाल्यावर डॉक्टर पुन्हा फोन लावून रुग्णाची स्थिती विचारतात, आणि चालक त्याच पट्ट्यातला असेल तर खुणेवरून वस्ती ओळखतो. आशा हे पद २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आले. साधारण हजार लोकांमागे एक आशा असते आणि कोणत्या घरात कोणाचे दिवस भरले आहेत हे तिला माहीत असते. अनेक गावांत नातेवाईक आधी तिलाच उठवतात. तालुक्यासह पत्ता नीट सांगत फोन तीच लावते, आणि नंतर कोणाला तरी बॅटरी देऊन फाट्यावर उभे करते, म्हणजे गाडी अंधारात पुढे निघून जात नाही.