करमुक्त विक्रीची नोंद

ग्राहकाकडून ज्या विक्रीवर कर घ्यायचा नसतो, ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य खात्यात बसवण्याची पद्धत. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट होता, तेव्हा माल करमुक्त अनुसूचीत असला की काम संपायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ‘कर नाही’चे चार प्रकार झाले : निल रेटेड (दरच शून्य), एक्झेम्प्ट (सूट दिलेला), नॉन-जीएसटी (जीएसटीच्या बाहेरचा) आणि झिरो रेटेड (निर्यात किंवा विशेष आर्थिक क्षेत्राला दिलेला). व्हॅट आता उरलाय तो पेट्रोल, डिझेल, मद्य अशा मोजक्या मालावर. म्हणून वाइन शॉपची दारूविक्री नॉन-जीएसटी. अंधेरीच्या सीप्झ या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटला त्याच्या मंजूर कामासाठी दिलेला माल मात्र झिरो रेटेड. त्यालाही दुकानदार सर्रास ‘करमुक्त’ म्हणतात. पण तिथे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, शाबूत राहते, बाकीच्या तिघांत जाते.

खरे काम बिल फाडताना नसते, वस्तूचा मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली तिची कायमची नोंद, बनवताना असते. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर तिथेच विचारते : टॅक्सेबल, एक्झेम्प्ट की निल रेटेड? घाईत टॅक्सेबल ठेवून दर शून्य टाकणे ही नेहमीची चूक; जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणातल्या तक्ता ८ मध्ये जायची विक्री मग भलतीकडे जाते. सुटा तांदूळ माफ, तोच २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. किराणावाल्याला त्यामुळे एकाच तांदळाचे दोन आयटम ठेवावे लागतात. शाळेच्या वह्या २२ सप्टेंबर २०२५ ला १२ टक्क्यांवरून शून्यावर आल्या. अशा वेळी जुना दर पुसायचा नाही, नवा दर तारखेसह जोडायचा. नाहीतर ऑगस्टची बिलेही बदललेली दिसतील.

दादरमधले पुस्तके आणि स्टेशनरीचे दुकान घ्या. महिन्याची विक्री ५ लाख : पुस्तके-वह्या ३ लाख, कर नाही; पेन वगैरे २ लाख, करपात्र. दुकानाचे भाडे ५० हजार, त्यावर १८ टक्क्यांनी ९,००० रुपये कर. भाडे दोन्ही विक्रींसाठी सामाईक, म्हणून जीएसटीच्या नियम ४२ नुसार तीन-पंचमांश, म्हणजे ५,४०० रुपये क्रेडिट उलटवायचे (परत सोडायचे) आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी विवरणात दाखवायचे. वर्षाअखेरी हाच हिशेब पुन्हा. सॉफ्टवेअर ही नोंद आपोआप करेल या भरवशावर राहू नये. बहुधा जर्नल एंट्री हातानेच टाकावी लागते.

नुसत्या करमुक्त मालाला बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेले बिल. जीएसटी नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने पुस्तकासोबत पेनही घेतले तर दोन कागदांची गरज नाही, एकच इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय चालते. दोनशे रुपयांच्या आतली किरकोळ विक्री, गिऱ्हाइकाने बिल मागितले नाही तर, दिवसाअखेरी एकत्र टाकता येते.

फक्त पुस्तके विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. शेजारी पेनांचा डबा ठेवला, की नोंदणीसाठीची वार्षिक उलाढालीची ४० लाखांची मर्यादा मोजताना पुस्तकांची विक्रीही धरली जाते.