वरचा बाण दाबल्यावर नेमकं काय होतं?

"सर, याचा ॲरो चालून नाही राहिला." नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी शिकवायला जातो, तिथे पहिल्या सत्रात हे वाक्य हमखास कानावर येतं. विद्यार्थ्यानं काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, एखादा प्रोग्रॅम उघडलेला असतो, हातभर लांब ओळ टाइप केलेली असते आणि मधला एक कंस चुकलेला असतो. मागे जाऊन तो सुधारावा म्हणून तो डावा बाण दाबतो, तर कर्सर सरकत नाही. उलट स्क्रीनवर टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि इंग्रजी मोठा 'डी' उमटतो. वरचा बाण दाबला तर 'डी'च्या जागी 'ए'. मग कीबोर्ड बदलतात, तोही तेच करतो. मग लिनक्स नव्यानं टाकतात, तरी तेच.

गंमत म्हणजे त्याच खिडकीत, त्याच कीबोर्डवर, तो प्रोग्रॅम बंद करून शेलमध्ये, म्हणजे कमांडा घेणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, परत आलं की बाण नीट चालतात. वरचा बाण दाबला की मागची कमांड येते, तिच्या आधीची येते, पार कालपरवाच्या कमांडाही येतात. त्यामुळे बहुतेकांची समजूत होते की जुन्या ओळी लक्षात ठेवणं हे कीबोर्डचं, खिडकीचं किंवा लिनक्सचं काम आहे आणि अमुक प्रोग्रॅममध्ये ते 'बिघडलं' आहे. बिघडलेलं काहीच नसतं. त्या प्रोग्रॅमनं ते काम कधी अंगावर घेतलेलंच नसतं.

हे पटवायला एक साधा प्रयोग पुरतो. लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये 'कॅट' ही कमांड एकटीच द्या, पुढे काही लिहू नका. आता काहीही टाइप करून एंटर दाबा. कॅट तीच ओळ परत छापेल. आता एखादा शब्द चुकीचा टाइप करा आणि बॅकस्पेसनं पुसा. पुसला जातो. आता गंमत बघा, कॅटला बॅकस्पेस म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तुम्ही एंटर दाबेपर्यंत त्याच्या हाती एक अक्षरही पडलेलं नसतं. पुसण्याचं काम परस्पर होतं, ते करतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. तुमची अक्षरं तो आपल्याजवळ साठवतो. बॅकस्पेसचं बटण १२७ हा आकडा पाठवतं. तो आला की कर्नल साठ्यातलं शेवटचं अक्षर काढून टाकतो आणि स्क्रीनला ८, ३२, ८ असे तीन आकडे पाठवतो. ८ म्हणजे एक घर मागे जा, ३२ म्हणजे कोरी जागा छाप, पुन्हा ८ म्हणजे त्या कोऱ्या जागेवर परत ये. आपल्याला अक्षर 'गायब' झालेलं दिसतं ते एवढ्याने. कंट्रोल-यू दाबलं तर सगळी ओळ पुसली जाते, कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर शेवटचा शब्द. कर्नलची संपादनकला इथेच संपते. ओळीच्या मध्यात जाणं त्याला येत नाही आणि एंटर दाबून ओळ प्रोग्रॅमच्या हवाली केली की ती तो विसरून जातो.

हे इतकं तुटपुंजं का, याचं उत्तर जुन्या यंत्रांत आहे. युनिक्स ज्या काळात घडलं तेव्हा लोक टेलिटाइपवर काम करत. मॉडेल ३३ हे त्यातलं गाजलेलं यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं. कागदावर उमटलेलं अक्षर पुसणार कसं? म्हणून जुन्या युनिक्समध्ये '#' टाइप केलं की त्याचा अर्थ 'आधीचं अक्षर धरू नको' आणि '@' म्हणजे 'अख्खी ओळ धरू नको' असा होता. बॅकस्पेसच्या १२७ या आकड्यातही तो काळ अजून जिवंत आहे. सात भोकांच्या कागदी पट्टीवर चुकलेलं अक्षर खोडायचं तर सातही भोकं पाडायची आणि सातही भोकं म्हणजेच १२७. पुढे पडदे आले. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी १०० आलं आणि त्याची सांकेतिक भाषा सगळ्यांनी उचलली. त्या भाषेत वरचा बाण हे एक अक्षर नाही, तो तीन आकड्यांचा क्रम आहे: २७, ९१, ६५. पहिला म्हणजे एस्केप, दुसरा चौकोनी कंस, तिसरा मोठा 'ए'. कर्नलला या तिघांचा एकत्रित अर्थ माहीत नाही. तो ती तीन साधी अक्षरं समजून ठेवून घेतो आणि तशीच दाखवतो. एस्केप डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याच्या जागी टोपी आणि कंस छापतो. विद्यार्थ्याला दिसलेला 'कचरा' तो हाच.

कॅटमध्येच वरचा बाण दाबून लगेच एंटर दाबून बघा. एरवी टाइप केलेली ओळ दोनदा दिसते, एकदा तुमची, एकदा कॅटनं परत केलेली. आता कॅटचं उत्तर दिसणारच नाही. कॅटनं ते तीन आकडे जसेच्या तसे परत पाठवले, पडद्यानं ते आज्ञा म्हणून पाळले, कर्सर एक ओळ वर गेला आणि नव्या ओळीच्या खुणेनं पुन्हा खाली आला. येताना आणि जाताना आकडे तेच. त्यांचा अर्थ लावणारं कोण बसलं आहे, सगळा फरक त्याचा.

तर बाणांना अर्थ द्यायचा असेल तर प्रोग्रॅमला कर्नलला सांगावं लागतं की तू साठवू नकोस, छापूही नकोस, प्रत्येक बटण दाबताक्षणी मला दे. याला रॉ मोड म्हणतात. त्यानंतर सगळी जबाबदारी प्रोग्रॅमची: अक्षर दाखवणं, मध्ये घुसवणं, पुढची सरकवणं, जुन्या ओळींची यादी ठेवणं. सी शेलमध्ये बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुन्या कमांडा उद्गारचिन्हानं परत बोलावण्याची सोय दिली होती. बाणांची सवय मात्र सर्वदूर पोचवली ती जीएनयू रीडलाइननं. बॅश शेलसोबत ब्रायन फॉक्स यांनी ती लिहायला घेतली आणि अनेक वर्षं चेट रॅमी ती सांभाळत आहेत. ही लायब्ररी आहे, म्हणजे कुणाही प्रोग्रॅमरनं आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यावी अशी. पायथॉनमध्ये तर रीडलाइन आयात करणारी एक ओळ लिहिली की 'इनपुट'च्या प्रत्येक प्रश्नाला बाण चालू लागतात. कंट्रोल-ए नं ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई नं शेवटाला, कंट्रोल-आर नं जुन्या ओळींत शोध, हे सगळं फुकटात मिळतं.

पण जो प्रोग्रॅम दुसऱ्यानं लिहिला आहे, ज्याचा सोर्स आपल्या हातात नाही किंवा असला तरी त्याला हात लावायची सोय नाही, त्याचं काय? लिस्प भाषेचा एसबीसीएल घ्या. उत्तम प्रोग्रॅम, पण ओळ सुधारायची सोय नाही. इथे माझी सगळ्यात आवडती युक्ती कामाला येते. तिचं नाव आरएलरॅप, हॅन्स लुब यांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. 'एसबीसीएल' असं टाइप करण्याऐवजी 'आरएलरॅप एसबीसीएल' असं टाइप करायचं. बस. बाण चालू, इतिहास चालू, आणि एसबीसीएलच्या एकाही बाइटला धक्का लागलेला नाही.

हे होतं कसं? पहिला विचार मनात येतो तो पाइपचा, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीचा: मध्ये एक प्रोग्रॅम बसवायचा, त्यानं ओळ तयार करायची आणि पाइपमधून पुढे ढकलायची. ते फसतं. समोर टर्मिनल आहे की पाइप, हे प्रोग्रॅमला कर्नलला विचारून कळतं. पाइप दिसला की तो समजतो समोर माणूस नाही. मग तो प्रॉम्प्ट, म्हणजे 'आता टाइप करा' सांगणारी खूण, दाखवायचंच सोडून देतो. किंवा सी भाषेची लायब्ररी त्याचं आउटपुट लगोलग न पाठवता साचवून ठेवते, बहुधा ४०९६ बाइट भरेपर्यंत. तुम्ही प्रश्नाची वाट बघत बसता आणि प्रश्न साठ्यात अडकलेला असतो.

म्हणून आरएलरॅप कर्नलकडून खोट्या टर्मिनलची एक जोडी मागून घेतो. जोडीचं एक टोक तो स्वतःकडे ठेवतो, दुसरं टोक एसबीसीएलला देतो. दुसऱ्या टोकाला खऱ्या टर्मिनलचे सगळे गुण असतात. तिथे बॅकस्पेस चालतो, कंट्रोल-सी चालतं, खिडकीची रुंदी विचारली तर उत्तर मिळतं. विचारा, तू टर्मिनल आहेस का? कर्नल सांगतो, हो. खऱ्या टर्मिनलपुढे आरएलरॅप स्वतः रॉ मोडमध्ये बसतो आणि रीडलाइनच्या मदतीनं तुमची ओळ घडवू देतो. कलेक्टर कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसतो ना, तसं हे आहे. खाडाखोड, 'हे नको, ते लिहा' सगळं त्याच्या टेबलावर होतं आणि खिडकीतल्या कारकुनाच्या हाती जातो तो स्वच्छ कागद. एंटर दाबलं की तयार ओळ एकदम पुढे जाते. एसबीसीएलला वाटतं समोरचा माणूस एकही चूक न करता टाइप करतो.

यातले बारकावे खरे बघण्यासारखे आहेत. खोट्या टर्मिनलवर ओळ गेली की तिथला कर्नल सवयीप्रमाणे तिचा प्रतिध्वनी परत पाठवतो. तो जसाच्या तसा दाखवला तर प्रत्येक ओळ दोनदा दिसेल, म्हणून आरएलरॅपला तो ओळखून गाळावा लागतो. प्रॉम्प्ट कुठला, हे त्याला कुणी सांगत नाही. आउटपुटची शेवटची अर्धवट ओळ, जिच्यापुढे काही मिलिसेकंद शांतता आहे, ती प्रॉम्प्ट असणार असा अंदाज तो बांधतो. प्रॉम्प्ट रंगीत असेल तर रंगाचे संकेत जागा व्यापत नाहीत हे धरूनच कर्सरचं गणित करावं लागतं, नाहीतर लांब ओळ वळली की सगळं एकमेकांवर छापलं जातं. पासवर्डचं काय? पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम अक्षरं दाखवू नको असं आपल्या टर्मिनलला सांगतो. ते टर्मिनल खोटं असल्यामुळे त्याची सेटिंग आरएलरॅपला वाचता येते. दाखवणं बंद झालेलं दिसलं की तो तुमची अक्षरं दाखवत नाही आणि इतिहासातही ठेवत नाही. आतला प्रोग्रॅम स्वतःच रॉ मोडमध्ये गेला तर आरएलरॅप मधून बाजूला होतो आणि बटणं थेट आत जाऊ देतो. एकमेकांची ओळखही नसलेले दोन प्रोग्रॅम केवळ टर्मिनलच्या सेटिंगमधून असे बोलतात, हे मला दर वेळी नव्यानं सुंदर वाटतं. तुमची रोजची टर्मिनलची खिडकी, दूरच्या मशीनवर नेणारं एसएसएच, एका खिडकीत अनेक टर्मिनल देणारं टीमक्स, सगळे याच खोट्या टर्मिनलवर उभे आहेत.

इथे थोडं स्पष्ट बोलतो. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे आणि 'हे मशीनच तसं आहे' म्हणून कोपऱ्यात टाकलेली चांगली मशीनंही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम ज्या नागपुरातून चालतं, तिथल्या लॅबमध्ये तरी यंत्राला बाधा होत नाही हे कॅटच्या दोन मिनिटांच्या प्रयोगानं दाखवून द्यायला हवं. दुसरी हवा हल्ली मिहानमधल्या आयटी कंपन्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे आहे: आता एआयशी साध्या भाषेत बोलायचं, टर्मिनल शिकायची गरज संपली. एआयचे साहाय्यकही आज टर्मिनलमध्ये चालतात. त्यांना लिहिलेलं वाक्य मध्येच सुधारायचं तर बाण तिथेही लागतो आणि तो अर्थ लावणारा कोड कुणीतरी लिहिलेलाच असतो.

मराठी माणसाला एक अडचण अधिक येते. 'नागपूर' या शब्दात युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यातली, सहा चिन्हं आहेत: न, काना, ग, प, ऊकार, र. ही चिन्हं बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे १८ बाइट. कर्नलला यूटीएफ-८ असल्याचं सांगितलेलं नसेल तर तो बॅकस्पेसला एकच बाइट काढतो आणि उरलेल्या दोन बाइटांचा भुगा मागे राहतो. सांगितलेलं असेल तर पूर्ण चिन्ह काढतो, पण पडद्यावर दर चिन्हामागे एक घर पुसतो. ऊकाराला स्वतःचं घर नाही, तो 'प'च्या खाली बसतो. म्हणून ऊकार पुसायला जावं तर पडद्यावरून 'प'ही जातो, साठ्यात मात्र तो असतोच. डोळ्यांना एक दिसतं आणि प्रोग्रॅमला दुसरंच मिळतं. रीडलाइन चिन्हाची रुंदी शून्य, एक की दोन घरं हे तक्त्यातून बघते, त्यामुळे ती बरीच शहाणी आहे. पण जोडाक्षरं आणि काना-वेलांट्या किती रुंद काढायच्या याबद्दल टर्मिनलचं आणि तिचं मत जुळलं नाही की कर्सर अक्षराच्या पोटात जाऊन उभा राहतो. हे काम अजून पुरतं झालेलं नाही. मराठी किंवा हिंदी वाचता येणाऱ्या मुलांनीच ते हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण दुसऱ्या कुणाला ते खुपणारच नाही.

इतिहास फाइलमध्ये राहतो, हेही लक्षात ठेवा. आरएलरॅप प्रत्येक प्रोग्रॅमसाठी होम फोल्डरमध्ये वेगळी लपलेली फाइल ठेवतो, बॅशची स्वतःची वेगळी. पासवर्ड विचारल्यावर दिलात तर तो तिथे जात नाही, पण कमांडच्या ओळीतच लिहिलात तर साध्या अक्षरांत जाऊन बसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटमध्ये 'पासवर्ड' हा इंग्रजी शब्द असलेल्या ओळी मुळातच गाळल्या जातात. सगळे प्रोग्रॅम इतके काळजीवाहू नाहीत. लॅबमध्ये पन्नास जण एकाच लॉगिननं बसत असतील तर वरचा बाण दुसऱ्याची कमांड आणून देईल, त्यातलं गुपितही. बॅशमध्ये हिस्टकंट्रोल या सेटिंगला 'इग्नोरस्पेस' दिलं की ज्या ओळीच्या आधी एक मोकळी जागा सोडली आहे ती इतिहासात जात नाही. बऱ्याच उबुंटू मशीनवर ते आधीच केलेलं असतं; आपल्या मशीनवर आहे का ते आजच तपासा.